तारांकित आकड्यांचा अर्थ

निवृत्तीनंतर घरात येणाऱ्या कागदांचे स्वरूप हळूहळू बदलत जाते. लग्नपत्रिका कमी होतात, पत्रे तर केव्हाच थांबलेली असतात. त्यांच्या जागी औषधांच्या चिठ्ठ्या आणि रक्ततपासणीचे अहवाल येऊ लागतात. आमच्या साताऱ्याच्या घरात अशा अहवालांची एक जाडजूड फाइल तयार झाली आहे. २०१९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, माझ्या पतींना हृदयविकाराचा मोठा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. परंतु हृदयाच्या स्नायूचा बराचसा भाग कायमचा दुबळा झाला. निरोगी हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातील साधारण ५५ ते ७० टक्के रक्त पुढे ढकलतो. ह्यांच्या बाबतीत ते प्रमाण ३२ टक्क्यांवर आले. या अवस्थेला डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. शब्द ऐकून हृदय बंदच पडले असे वाटते. प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की हृदयाची ताकद शरीराच्या गरजेला पुरी पडत नाही.

या आजारात रक्ततपासणी पाठ सोडत नाही. हृदय दुबळे झाले की मूत्रपिंडांकडे रक्त कमी जाते, मूत्रपिंडे पाणी व क्षार धरून ठेवू लागतात, आणि हृदयासाठी दिलेली बहुतेक औषधे या मूत्रपिंडांवरच काम करतात. म्हणून औषध वाढवले की रक्त तपासायचे, कमी केले की तपासायचे, काहीच बदलले नाही तरी काही महिन्यांनी तपासायचेच. सकाळी रक्त घ्यायला मुलगा येतो, दुपारी अहवाल मोबाइलवर येतो, आणि डॉक्टरांची वेळ मात्र परवाची असते. मधल्या तासांत घरातले सगळे त्या कागदाकडे पाहत राहतात. कुठे आकडा ठळक छापलेला, कुठे त्याच्यापुढे तारा, कुठे ‘एच’ किंवा ‘एल’ हे अक्षर. रुग्णाची सेवा करणाऱ्या माणसाला या मधल्या तासांत जो ताण सोसावा लागतो, त्याविषयी फारसे लिहिले जात नाही. या वर्षांत डॉक्टरांकडून आणि अनुभवातून जे उमगले ते मांडावे, म्हणून हा लेख.

तारा म्हणजे काय?

अहवालात प्रत्येक आकड्यापुढे ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते. ती साधारणतः अशी ठरवतात : पुष्कळशा निरोगी माणसांचे रक्त तपासायचे, आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या टप्प्यात पडतात तो टप्पा ‘सामान्य’ मानायचा. याचा अर्थ असा, की पूर्णपणे निरोगी माणसांपैकीही शंभरात पाच जण त्या मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकाच वेळी केल्या, तर निरोगी माणसाचे वीसच्या वीस आकडे मर्यादेत असण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के निघते. म्हणजे मोठ्या तपासणीत एखादा तारा दिसणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. शिवाय ती मर्यादा बहुधा निरोगी माणसांवरून काढलेली असते. दुबळे हृदय सांभाळत दिवसाला आठ-दहा गोळ्या घेणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसासाठी ती आखलेली नसते.

मी तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो हे समजावताना ‘सैंधव’ शब्दाचे जुने उदाहरण देत असे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाही. कुणी जेवताना ‘सैंधव आण’ म्हणाले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हणाले तर घोडा. रक्ताच्या अहवालातील आकड्याचेही तसेच आहे. आकडा एकच, पण आधीचा आकडा कोणता होता, मध्यंतरी कोणते औषध बदलले, रुग्णाला आज कसे वाटते आहे, यांवरून त्याचा अर्थ बदलतो. प्रयोगशाळांनाही हे ठाऊक असते. अनेक अहवालांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहावेत. साऱ्या कागदावरचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच, आणि नेमके तेच वाचायचे राहून जाते.

हे निवृत्तीपूर्वी बँकेत होते. त्यांची भाषा वेगळी. ते म्हणतात, “अगं, एका दिवसाच्या शिलकेवरून खातेदार कळत नाही. खातेउतारा बघावा लागतो.”

औषध सुरू झाले आणि आकडा वाढला

२०२२ मध्ये डॉक्टरांनी ह्यांचे एक जुने औषध बंद करून सॅक्युबिट्रिल-वलसार्टन ही जोडगोळी सुरू केली. दोन आठवड्यांनी रक्त तपासले, तेव्हा क्रिएटिनिन १.२ वरून १.५ झाले होते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात, म्हणून तो वाढला की मूत्रपिंडांची गाळण कमी झाली असे समजतात. त्यावरून काढलेला ‘ई-जीएफआर’ हा गाळणीचा वेग ६३ वरून ४८ वर आला होता, आणि खाली छापील टीप होती, की ६० पेक्षा कमी म्हणजे मूत्रपिंड विकाराचा तिसरा टप्पा असू शकतो.

नागपूरहून भाऊजींचा फोन आला. त्यांचा एक जिवलग मित्र डायलिसिसवर होता, त्यामुळे त्यांची काळजी खरी होती. “वहिनी, ती नवी गोळी आजच बंद करा. हृदय सांभाळताना किडनी घालवायची का?” पुण्याहून मुलीचेही मत तेच पडले. ह्यांनी मात्र गोळ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “डॉक्टर म्हणतील तसं.” गोळी घ्यावी की थांबवावी, हा प्रश्न साधा नव्हता. याच औषधाने ह्यांच्यासारख्या रुग्णांचे आयुष्य वाढते असे आम्हांला सांगितलेले होते.

डॉक्टरांनी त्या संध्याकाळी दवाखान्यात बोलावून एका कागदावर आकृती काढली. मूत्रपिंडात लक्षावधी बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक वाहिनी, नेणारी दुसरी. हृदय दुबळे झाले की शरीर बाहेर नेणारी वाहिनी आवळून धरते, म्हणजे गाळणीतला दाब टिकून राहतो. नवे औषध ती आवळलेली वाहिनी सैल करते. दाब उतरतो, गाळण थोडी मंदावते आणि क्रिएटिनिन थोडे वर जाते. “काकू, गाळणीला इजा झालेली नाही, तिच्यावरचा ताण उतरला आहे,” असे ते म्हणाले. ही औषधे सुरू केल्यावर क्रिएटिनिनमध्ये साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षित धरतात. १.२ वरून १.५ म्हणजे २५ टक्के. त्याहून जास्त वाढ झाली, किंवा आकडा प्रत्येक वेळी वरच सरकत राहिला, तर कारण शोधायचे : अंगातले पाणी कमी झाले का, रक्तदाब फार उतरला का, कुणी दुखण्याची गोळी घेतली का. आणि ‘तिसरा टप्पा’ हा शिक्का एका अहवालावर बसत नाही. मूत्रपिंडाचा जुनाट विकार म्हणायला ती घट तीन महिन्यांहून अधिक टिकावी लागते.

गोळी चालू राहिली. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.४ आले आणि तिथेच स्थिरावले. भाऊजींना मी ती आकृती फोटो काढून पाठवली.

दुखण्याच्या गोळीचा उल्लेख वर आला, त्यावर थोडे थांबावेसे वाटते. आपल्या वयात गुडघे आणि कंबर दुखतेच, आणि औषधाच्या दुकानात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी सहज मिळते. हृदय दुबळे असलेल्या माणसात या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, पाणी व मीठ अंगात धरून ठेवतात आणि पोटॅशियम वाढवतात. अहवाल बिघडला की डॉक्टर आधी याच गोळीची चौकशी करतात, ती यासाठी.

पोटॅशियम : वाट पाहायची नाही असा आकडा

तारा दिसला तरी घाबरू नये, एवढेच सांगून हा लेख संपवला असता तर तो अर्धवट ठरला असता. काही आकड्यांना परवाची वेळ चालत नाही.

२०२३ च्या मे महिन्यातला शनिवार होता. दुपारी अहवाल आला, पोटॅशियम ५.९. सर्वसाधारण मर्यादा ३.५ ते ५ च्या आसपास असते. आधीचे दोन आकडे ४.६ आणि ५.० होते. हे आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. दम नाही, धडधड नाही, काहीच नाही. पोटॅशियमचे भय याच गोष्टीत आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका सूक्ष्म लहरीवर चालतो, आणि ती लहर पेशींच्या आतल्या-बाहेरच्या पोटॅशियमच्या तोलावर अवलंबून असते. ते फार वाढले किंवा फार घटले, तर ठोक्यांची लय अचानक बिघडू शकते, आणि त्याआधी शरीर सूचना देईलच असे नाही.

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवले होते : ‘पोटॅशियम ५.५ च्या वर आल्यास त्याच दिवशी कळवणे.’ मी लगेच फोन केला. उद्याची स्पायरोनोलॅक्टोनची गोळी देऊ नका, आत्ताच ईसीजी काढा आणि रक्त पुन्हा द्या, असे त्यांनी सांगितले. रिक्षाने आम्ही दवाखान्यात गेलो. ईसीजीची पट्टी निघेपर्यंतची ती पाच मिनिटे मला फार लांबलेली वाटली. पट्टीत बदल नव्हता. रात्री दुसरा अहवाल आला : ५.६.

दोन नमुन्यांत हा फरक का, हेही त्यांनी नंतर समजावले. दंडाला रबरी पट्टा फार वेळ आवळून ठेवला, रुग्णाने मूठ पुन्हा पुन्हा मिटली-उघडली, सुईतून येताना रक्तपेशी फुटल्या किंवा नमुना प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला, तर पेशींमधले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटा वाढतो. म्हणून अनपेक्षित आकडा आला की नमुना पुन्हा तपासतात. परंतु ‘नमुनाच चुकला असेल’ असे म्हणून घरी बसायचे नसते; तो निर्णय ईसीजी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा. ह्यांच्या बाबतीत आकड्याचा काही भाग नमुन्याचा होता आणि काही खरा.

खऱ्या भागाचे कारण सोमवारी दवाखान्यात उलगडले. उन्हाळा असल्याने भाचा दर आठवड्याला शहाळी आणून देत होता. रक्तदाबासाठी चांगले म्हणून घरात ‘लो सोडियम’ मीठ आले होते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि त्या मिठात सोडियम कमी करून त्याची जागा बहुधा पोटॅशियम क्लोराइडने भरलेली असते. निरोगी माणसाची मूत्रपिंडे हे जास्तीचे पोटॅशियम सहज बाहेर टाकतात. परंतु स्पायरोनोलॅक्टोन आणि वलसार्टन ही दोन्ही औषधे पोटॅशियम शरीरात राखून ठेवणारी. त्यांच्यावर शहाळे व ते मीठ यांची भर पडली, आणि उन्हाळ्याने अंगातले पाणीही कमी केले. उपवासाच्या दिवसांतही हे लक्षात ठेवावे : बटाटा, रताळे, केळे, शहाळे हे सारे एका दिवशी पोटात जाते, आणि हे सारे पोटॅशियमने समृद्ध असते.

शहाळी आणि ते मीठ थांबले, गोळी निम्मी झाली, आठवड्याने पोटॅशियम ४.९ आले. गोळी कायमची बंद का केली नाही, हे विचारल्यावर डॉक्टरांनी दोन अभ्यासांविषयी सांगितले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राल्स’ या अभ्यासात तीव्र हार्ट फेल्युअरच्या १,६६३ रुग्णांपैकी ज्यांना स्पायरोनोलॅक्टोन दिले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळले. जगभर ही स्वस्त गोळी लिहून दिली जाऊ लागली. मग २००४ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांताचे आकडे प्रसिद्ध झाले : अशा रुग्णांना वाढलेल्या पोटॅशियमसाठी रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये हजारी ११ झाले होते. औषध तेच होते. अभ्यासातल्या रुग्णांचे रक्त ठरल्या वेळी तपासले जात होते. बाहेरच्या जगात तेवढी काळजी घेतली जात नव्हती. तपासणी हा औषधाचाच एक भाग आहे, हे मला त्या दिवशी पटले. गोळी आपण चुकवत नाही. तशी तपासणीही चुकवू नये.

सोडियम कमी, म्हणजे मीठ कमी?

त्याच वर्षी पावसाळ्यात सोडियम १३१ आले. मर्यादा १३५ ते १४५. शेजारच्या काकू म्हणाल्या, “जेवणात मीठ वाढवा, सैंधव घाला, ते बाधत नाही.” सल्ला प्रेमाचा होता आणि वरवर तर्कालाही धरून होता. परंतु हार्ट फेल्युअरमध्ये सोडियमचा आकडा घसरतो तो बहुधा मीठ संपल्यामुळे नव्हे, तर पाणी साठल्यामुळे. आमटीत पाणी जास्त झाले की ती अळणी लागते. मीठ तेवढेच असते. अशा वेळी मीठ वाढवले तर आणखी पाणी धरले जाते, पायावर सूज येते आणि रात्री दम लागतो. कधी कधी लघवीच्या गोळ्यांमुळे सोडियम खरोखरच कमी होते. दोन्ही कारणांचे उपाय वेगळे, म्हणून निवाडा डॉक्टरांनीच करायचा. ह्यांच्या पायांवर बोट दाबले की खळगा पडत होता आणि वजन वाढले होते. डॉक्टरांनी दिवसाचे पाणी, चहा, ताक, आमटी सर्व धरून दीड लिटरवर आणले आणि लघवीच्या गोळीत बदल केला. सैंधवाविषयी एवढेच, की तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. उपवासाला चालते म्हणून हृदयाला चालते असे नाही.

तारा नसलेले आकडे, आणि हवेहवेसे तारे

अहवाल वाचताना नजर ताऱ्यांवरच जाते. परंतु तारा नसलेला आकडाही कधी कधी बोलत असतो. गेल्या वर्षी हे फार थकू लागले. हिमोग्लोबिन किंचितच कमी होते आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ६८. प्रयोगशाळेच्या मर्यादेत, तारा नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट फेल्युअरमध्ये शरीरात सौम्य दाह असतो, त्याने फेरिटिन फुगते. म्हणून या रुग्णांत १०० च्या खालचा आकडा लोहाची कमतरता मानतात. १०० ते ३०० च्या दरम्यान असेल तर ‘ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन’ २० टक्क्यांच्या खाली आहे का ते पाहतात. या आजारात लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही असे दिसून आले आहे, म्हणून शिरेतून लोह दिले. पुढच्या काही आठवड्यांत ह्यांचे राजवाड्यापर्यंत चालत जाणे पुन्हा सुरू झाले. एलडीएल कोलेस्टेरॉलचेही तसेच. अहवालात ‘१०० पेक्षा कमी : उत्तम’ असे छापलेले, ह्यांचे ८८. परंतु झटका येऊन गेलेल्या माणसात ते ५५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो, म्हणून एक गोळी वाढली.

उलट काही तारे हवे असतात. ह्यांना मधुमेह नाही, तरी लघवीच्या तपासणीत साखर ठळकपणे दिसते. कारण हृदयासाठी दिलेले डॅपाग्लिफ्लोझिन हे औषध साखर लघवीवाटेच बाहेर टाकते. तो तारा औषध काम करत असल्याची खूण. माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट याहून बोलकी आहे. लहानपणी संधिवाताच्या तापाने तिच्या हृदयाची झडप खराब झाली आणि पुढे कृत्रिम धातूची झडप बसवावी लागली. रक्त पातळ ठेवण्याची गोळी तिला जन्मभर घ्यायची आहे. रक्त गोठण्याचा ‘आयएनआर’ हा आकडा निरोगी माणसात १ च्या आसपास असतो, तिचा २.५ ते ३.५ असावा लागतो. म्हणजे तिच्या अहवालावर कायमच तारा. एखाद्या वेळी तो आकडा १.१ आला, तर कागद सांगेल ‘सामान्य’, आणि तीच वेळ झडपेवर गुठळी होण्याच्या धोक्याची. तिच्यासाठी तारा नसणे हीच धोक्याची सूचना.

‘एनटी-प्रोबीएनपी’ या तपासणीची कथाही सांगण्याजोगी आहे. बीएनपी हा पदार्थ जपानी शास्त्रज्ञांना १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत प्रथम सापडला, म्हणून त्याच्या नावात ‘ब’ आला तो ‘ब्रेन’चा. नंतर कळले, की तो मुख्यतः हृदयाच्या कप्प्यांत, त्यांच्या भिंती ताणल्या गेल्या की तयार होतो. ह्यांचा एनटी-प्रोबीएनपी सुरुवातीला ४२००, पुढे १९०० झाला. छापील मर्यादा १२५. म्हणजे अजूनही पंधरापट, आणि पुढे तारा. तरीही डॉक्टरांचा चेहरा खुलला, कारण आकडा निम्म्याहून खाली आला होता. वय, मूत्रपिंडाचा विकार आणि अनियमित ठोके यांनी हा आकडा वाढतो, स्थूलपणात तो कमी दिसतो. शिवाय सॅक्युबिट्रिलने बीएनपीचे विघटन मंदावते आणि तो वाढतो, एनटी-प्रोबीएनपी मात्र तसा वाढत नाही. म्हणून दर वेळी तीच तपासणी करावी आणि तिच्याच जुन्या आकड्याशी तुलना करावी.

घरातली वही

या सर्वांतून आमच्या घरी एक वही तयार झाली. तिच्यात प्रत्येक तपासणीचे फक्त सहा आकडे उतरवतो : क्रिएटिनिन, पोटॅशियम, सोडियम, हिमोग्लोबिन, त्या दिवशीचे वजन आणि रक्तदाब. शेवटच्या रकान्यात त्या काळात काय घडले ते : औषध बदलले, जुलाब झाले, उपवास होता, ताप आला. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच वेळी करतो, म्हणजे यंत्राचा व पद्धतीचा फरक मधे येत नाही. क्रिएटिनिन १.३ वरून १.४ झाले म्हणजे काही बिघडले असे नाही, हे ओळीने आकडे पाहिल्यावर आपोआप समजते. डॉक्टरांना फाइल चाळायला वेळ नसतो. ही वही ते दोन मिनिटांत पाहतात.

आकडा बिघडलेला दिसला, की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारतो. मागच्यापेक्षा हा किती बदलला? आपल्या औषधांपैकी कशामुळे हा बदलू शकतो? पुन्हा केव्हा तपासायचे? आणि कोणत्या आकड्याला त्याच दिवशी कळवायचे, हे प्रत्येक भेटीत चिठ्ठीवर लिहून घेतो. उलट्या-जुलाब झाले किंवा खाणे-पिणे बंद पडले, तर लघवीची व रक्तदाबाची कोणती गोळी तेवढ्यापुरती थांबवायची, हेही आधीच विचारून ठेवलेले बरे. आपल्या मनाने मात्र कोणतीच गोळी थांबवू नये, वाढवूही नये.

काही वेळा कागदाची वाट पाहायचीच नसते. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढले, आडवे झाल्यावर दम लागू लागला, उशा वाढवाव्या लागल्या, लघवी फार कमी झाली, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला, तर थेट रुग्णालय गाठावे. छातीत दुखू लागले किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर प्रयोगशाळेत न जाता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटक्याच्या वेळी तपासतात ते ‘ट्रोपोनिन’सुद्धा काही तासांच्या अंतराने दोनदा पाहावे लागू शकते, आणि ते काम रुग्णालयातच व्हायचे.

ह्यांचे सगळे आकडे मर्यादेत असलेला अहवाल आता कधी येईल असे मला वाटत नाही. क्रिएटिनिन १.४ च्या आसपास राहील, एनटी-प्रोबीएनपीपुढे तारा राहील, लघवीत साखर दिसेल. डॉक्टरांनी ज्या दिवशी ‘यांच्यासाठी हेच सामान्य’ असे शब्द वापरले, त्या दिवसापासून घरातले वातावरण निवळले. रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी आपल्या माणसाचे ‘सामान्य’ काय, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. दुपारी मोबाइलवर अहवाल आला की तो आधी त्या पानाशी ताडून पाहावा. मग जे खरोखर बदलले असेल ते लगेच लक्षात येते, आणि ज्याची काळजी करायची ती वेळेवर करता येते.